मुरब्याची शिंपली

मला गिटार वाजवताना पहिल्यांदा पाहणारा माणूस हटकून विचारतो, "काय, इस्त्री चाललीय का?" त्याचा दोष नाही. मांडीवर एक अरुंद, आडवी फळी, तिच्यावर सहा तारा, आणि डाव्या हातातली पोलादाची गुळगुळीत कांडी मी त्या तारांवरून पुढेमागे सरकवत असतो. फक्त सदरा तेवढा दिसत नाही. आमच्या हिनंही लग्नानंतर लगेच हाच प्रश्न विचारला होता आणि वर म्हणाली होती, "मग माझी साडीपण घ्या हातासरशी."

'तुमच्या कामाबद्दल लिहा' असं संपादकांनी कळवलं, तेव्हा कोणत्या कामाबद्दल, हे त्यांनाच विचारावं असं वाटलं. मी मूळचा कोल्हापूरकडचा. सत्तरच्या दशकात बोईसरला कारखाने उभे राहत होते, तेव्हा एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो आणि तिथंच निवृत्त झालो. मोटारी, पॅनेलं, उडालेले फ्यूज यांबद्दल लिहिलं तर अंक कोणी विकत घेणार नाही. सुट्टीच्या दिवशी मी ऑर्केस्ट्रात आणि लग्नकार्यात हवाईयन गिटार वाजवायचो. घर पहिल्या कामावर चाललं आणि डोकं ठिकाणावर राहिलं ते दुसऱ्यामुळं, म्हणून लिहितो ते दुसऱ्याबद्दल.

हे वाद्य कसं चालतं ते आधी सांगतो. नेहमीच्या गिटारीत बोटानं तार पट्टीवर दाबतात. आमच्या गिटारीत तार दाबायचीच नाही. कांडी तारेवर अलगद ठेवायची आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तार छेडायची. कांडी सरकली की सूर सरकतो. माणूस गाताना एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो तसा हाही जातो, पायऱ्या न चढता. म्हणून रेडिओवरची गाणी या गिटारीवर वाजवली की लोक आपोआप शब्द पुटपुटायला लागत. पट्टीवर रंगानं रेघा मारलेल्या असतात. कांडी बरोबर रेघेच्या वर आली की सूर बरोबर, एवढं शिकायला मला दोन वर्षं लागली. ते विसरायला किती लागली, ते पुढं येईलच.

विजेवर चालणाऱ्या जुन्या परदेशी गिटारी तर आतून भरीव असतात. निव्वळ लाकडाची फळी, तारांखाली लोहचुंबक, आवाज सगळा अँप्लिफायरचा. आणि त्या फळीवर काही कारखान्यांनी चक्क शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं चमकणारं सेल्युलॉइड चढवलेलं असायचं. पांढरं, राखाडी, क्वचित हिरवं. उजेडात हलवलं की त्यात ढग फिरतात. आम्ही वाजवणारे अशा गिटारीला 'शिंपली' म्हणायचो. अंगठ्यानं जोरात घासली की तिला कापराचा वास येतो, कारण ते सेल्युलॉइड कापूर घालूनच बनवतात. हे मला कळलं तेव्हा आठवडाभर मी घरातला प्रत्येक कंगवा घासून हुंगत होतो.

मला प्रश्न पडायचा तो असा, की ज्या फळीचा आवाज विजेतून निघतो, तिला हा साज कोणी आणि का चढवला असेल? ऐकणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. पालघरच्या एका मास्तरांनी आपली शिंपली सुताराकडे दिली, तर त्यानं 'जुनं प्लास्टिक' रंध्यानं साफ खरवडून वर सागवानी नक्षीचा सनमायका चिकटवला. मास्तर खूश. मी वाजवून पाहिली, आवाज होता तसाच होता. तरी दोन दिवस मला जेवण गेलं नाही. त्या दिवसापासून मी शिंपल्या जमवायला लागलो, निदान सुतारांपासून तरी वाचाव्यात म्हणून.

शिंपल्या शोधायच्या म्हणजे माणसं शोधायची. घोलवडकडच्या चिकूवाडीतल्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांकडे माळ्यावर एक पडून होती. ती त्यांच्या थोरल्या भावाची, सोराबची. त्यांनी मला वाजवू दिली नाही. स्वतःच्या अंगठ्यानं घासली, नाकाशी नेली आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "सोराबना खोलीचा वास. ले जा, पण वरसातून एक वेळा घेऊन ये." मी दर वर्षी चिकूच्या हंगामात ती घेऊन जायचो. ते हुंगायचे, मी चिकू खायचो. गाणं त्यांनी कधीच ऐकलं नाही. आमच्या कारखान्यातला एक वेल्डर मात्र प्रत्येक गणपतीत पुढं येऊन सांगायचा, "भाईसाब, इसको खड़ा करके बजाओ ना, बैठ के मजा नहीं आता." मी एकदा त्याच्या समाधानासाठी उभी धरली, आणि कांडी सुटून माझ्याच पायावर पडली.

अशा सहा शिंपल्या माझ्याकडे आहेत. सातवी नाही. तिचीच हकीकत सांगायची आहे.

समुद्रकाठच्या मुरबे गावी एका लग्नात वाजवायला गेलो होतो. दुपारी मांडवात आवाज तपासत होतो, तर एक मुलगी माझ्या पांढऱ्या शिंपलीकडे टक लावून उभी राहिली. विशीतली असेल, कमरेवर मासळीची रिकामी पाटी.

"आमच्या घरात हाय अशी," ती म्हणाली. "पन हिरवी."

हिरवी शिंपली मी तोवर फक्त ऐकून होतो. वाजवणं संपताच तिच्या मागोमाग गेलो. तिचं नाव वनिता. घरात तिची आजी होती, हिरूबाय. सारं गाव तिला ओळखायचं, कारण ती धवलारीण होती. बाहेरच्यांसाठी सांगतो. इथल्या लग्नांत विधी चालतात ते धवलारिणीच्या गाण्यावर. हळद लावायची, न्हाऊ घालायचं, मुंडावळ्या बांधायच्या, प्रत्येकाचं तिचं वेगळं गाणं असतं. ती एक ओळ उचलते, बायका ती मागून धरतात. ती थांबली की विधी थांबतो. तिच्यासोबत कुठलंही वाद्य नसतं, आणि हे गाणं लिहिलेलंही नसतं.

हिरूबाय मात्र आता गात नव्हती. मुंबईला तिच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि आवाजाच्या जागी नुसती फुसफुस उरली होती. ऐकायला मान पुढं करावी लागायची.

"इकायची नाय," मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली.

मी म्हटलं, मावशी, नुसती बघू द्या. वनितानं कपाटावरून गिटार काढली. तारा खाऱ्या हवेनं गंजलेल्या, पण अंग शाबूत. हिरवं, आत पांढरे ढग फिरणारं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा हिरूबायचा नवरा परदेशी साहेबांच्या बंगल्यांवर पापलेट पोचवायचा. त्यातला एक साहेब मायदेशी जाताना त्याला ही देऊन गेला. अँप्लिफायर मात्र घेऊन गेला. त्याच्याशिवाय अशी गिटार म्हणजे मुकी. मी सवयीनं तिचं एक टोक लाकडी कपाटाच्या दाराला टेकवलं आणि तार छेडली. दाराचं लाकूड घुमलं, आणि खोलीत सूर आला.

हिरूबाय एकदम जवळ आली. "ते पन असंच करीत," ती म्हणाली. "कपाटाला टेकवून. मी भाकऱ्या करताना गायची, ते वाजवीत. मना राग येयाचा. बोलायची, मासळी सोडून ह्ये काय करता?"

त्यानंतर मी दोनतीनदा गेलो. काही ना काही निमित्त काढायचो, तारा बदलतो, खुंट्या साफ करतो. हाव होती, दुसरं काही नाही. एकदा हिरूबायनं मला सरळच विचारलं, "तुला ही पायजे ना?"

"पाहिजे."

"मंग ऐक. वनीचं लगीन हाय मे मइन्यात. तवा माजी चाल हिच्यावर वाजव. बायका शब्द बोलतील, त्यांना येतात. पन चाल उचलायला कोनी नाय. वाजवलीस, तर घेऊन जा."

मी म्हटलं, दुसरी धवलारीण नाही का? सातपाटीहून येईल की.

"येईल ना," ती म्हणाली. "चांगली गाते. पन ती त्यांची चाल. गावातल्या सगल्या पोरींना मी हळद लावली माज्या चालीनं. आनि माज्याच नातीला परकी चाल?" बोलता बोलता तिला ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. ते ठसक्याचंच होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

शिकवणी सुरू झाली. शिष्याला गुरूचा आवाजच ऐकू येत नाही, अशी ही शिकवणी. ती शब्द पुटपुटायची, हातानं वरखाली दाखवायची, मी कांडी सरकवायचो. सरळ ओळी मी पटकन धरल्या. पण हळदीच्या गाण्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक वळण होतं, तिथं बायका तिच्याकडून ओळ उचलायच्या. ते काही केल्या जमेना. मी वाजवलं की ती मान हलवायची. पुन्हा वाजवलं की पुन्हा मान. एका रविवारी मला राग आला. मी म्हटलं, मावशी, सूर बरोबर आहे. ही बघा रेघ, ही कांडी.

ती पुढं वाकून पट्टीकडे पाहत राहिली. "तू रेघंवर थांबतोस," ती म्हणाली. "तिथं कोन थांबतं?"

मग तिनं माझ्या डाव्या हाताच्या मागं आपलं बोट ठेवलं आणि हात किंचित मागं ढकलला. दोन रेघांच्या मध्ये. "वाजव." मी तार छेडली. बोट पुढं सरकलं, हात पुढं सरकला, थांबला, थोडा थरथरला आणि खाली आला. स्वयंपाकघरातून वनिता हात पुसत बाहेर आली. "आजे, तू गायलीस?" असं तिनं विचारलं. मला इतका आनंद झाला की परतताना स्कूटर कुठं वळवायची तेच विसरलो आणि थेट उलट्या दिशेला, शिरगावकडे निघालो.

बोट असलं की जमायचं, बोट काढलं की माझा हात पुन्हा रेघेवर जायचा. सवय वाईट. मी घरी सराव करायचो, हिला ऐकवायचो. ही म्हणायची, "चांगलं आहे, पण तुमचंच आहे."

लग्न आठवड्यावर आलं आणि घोळ झाला. मुरब्यात लग्नाआधी घर धुऊन काढतात, आणि जे ओलं होईल ते बोंबील सुकवायच्या बांबूंवर उन्हात टाकतात. साड्या, गोधड्या, लाकडी पाट, सगळं तिथंच. वनितानं गिटारीला येणारा कुबट वास जावा म्हणून ती ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसली आणि बोंबलांच्या शेजारी टांगली, अख्खी दुपार. सेल्युलॉइड मे महिन्याच्या उन्हात तापलं, आकसलं आणि कडेनं सोललं. मी पोचलो तेव्हा हिरवी साल तीन ठिकाणी कुरळी होऊन उभी राहिली होती आणि एक तुकडा मांजर बोंबील समजून घेऊन गेलं होतं.

मी फार वाईट बोललो. गिटार माझी झाली नव्हती, तरी माझीच असल्यासारखा बोललो. वनिता रडायला लागली. हिरूबाय एका हातानं ती कुरळी साल लाकडावर दाबून धरत होती, सोडली की साल परत उठायची, ती परत दाबायची. ते बघून माझा राग कुठल्या कुठं गेला.

सेल्युलॉइड सेल्युलॉइडलाच धरतं. टेबलटेनिसचे चेंडू तेव्हा त्याचेच असत. आमच्या कॉलनीच्या क्लबातून मी फुटके चेंडू गोळा केले, ते अॅसिटोनमध्ये विरघळवून खीर केली. रसायनांचे कारखाने असलेल्या बोईसरला अॅसिटोनची काही कमतरता नाही. साल कोमट फडक्यानं मऊ केली, खाली ती खीर लावली. पण सुकेपर्यंत घट्ट दाबून ठेवायला काही हवं होतं. वनितानं जाळ्याची नायलॉनची दोरी आणली आणि गिटारीच्या अंगाभोवती अशी आवळून गुंडाळली की एकही वेढा दुसऱ्यावर चढला नाही. चूलबिल लांब ठेवा, हे तेवढ्यात मी दहादा बजावलं, कारण हे प्रकरण ठिणगीनं भडकतं. दोरी सोडली तेव्हा साल बसली होती. मांजरानं नेलेल्या तुकड्याच्या जागी लाकूड दिसत होतं, ते तसंच राहिलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवात वनिताला पाटावर बसवलं. बायका भोवती जमल्या. लाऊडस्पीकरवाल्याला मी कर्णे बंद करायला लावले आणि माझा लहान अँप्लिफायर जमिनीवर ठेवला. हिरूबाय माझ्या डाव्या हाताला बसली. बायका माझ्याकडे संशयानं बघत होत्या. पॅन्ट घातलेली धवलारीण त्यांनी आधी पाहिली नव्हती.

पहिली ओळ वाजवली. बायकांनी शब्द उचलले. दुसरी ओळ उचलली. वनिताच्या हाताला हळद लागली. मग वळण आलं आणि माझा हात जाऊन रेघेवर थांबला. अगदी बरोबर सुरावर. बायका अडखळल्या. दोघीतिघींनी ओळ सुरू केली आणि सोडली. हळद लावणारीचा हात तसाच राहिला. वनितानं मान वर करून आजीकडे पाहिलं.

हिरूबायनं माझ्या हातातून कांडी काढून घेतली.

"तू तार वाजव," ती म्हणाली.

मी तार छेडली. कांडी रेघांच्या मधून निघाली, वर गेली, थांबली, थरथरली आणि मोठ्या मायेनं खाली उतरली. एका म्हातारीनं मागून हुंकार दिला. मग सगळ्या बायकांनी एकदम ओळ उचलली, इतक्या जोरात की माझा अँप्लिफायर ऐकू येईना. त्यानंतर शेवटच्या कडव्यापर्यंत तिनं कांडी सोडली नाही. वळणं तीच घेत होती, मी नुसता तार छेडत होतो. आवाज माझा नव्हता, गिटारीचाही नव्हता. मला रडू आलं, आणि डाव्या हातानं गिटार धरून ठेवल्यामुळं डोळे पुसता आले नाहीत.

लग्न उरकल्यावर थोड्या दिवसांनी मी गिटार आणायला गेलो. आमच्या हिनं हिरव्या मखमलीची गवसणी शिवून दिली होती. मापाला गिटार नव्हती, म्हणून मी हातानं दाखवलेल्या मापावर. हिरूबायनं गिटार कोरड्या फडक्यानं पुसून तयार ठेवली होती.

"घे. तुजी हाय," ती म्हणाली. "शब्द दिला होता."

नेण्याआधी तारा बघाव्यात म्हणून मी टोक कपाटाला टेकवलं आणि एक तार छेडली. कांडी गिटारीबरोबर नव्हती. ती हिरूबायच्या मुठीत होती. तिचा हात आपणहून पुढं आला. आम्ही हळदीचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं, कपाटाच्या दारावर, अँप्लिफायरशिवाय. वनिता सासरी गेली होती, घरात ऐकायला कोणी नव्हतं. गाणं संपल्यावर तिनं कांडी तारांवर ठेवली, हात मांडीवर घेतले आणि दाराबाहेर पाहत बसली. गिटारीकडे पाहिलं नाही.

मला ती गिटार हवी होती. आजही हवी आहे, ते लपवत नाही. पण मी म्हणालो, "मावशी, हिचा गोंद अजून धरला नाही. ओला आहे. आता हलवली तर साल उठेल. राहू दे इथंच थोडे दिवस."

तिनं त्या वाळून खडखडीत झालेल्या सालीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"ओला हाय?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. माझ्या हातातली गवसणी घेतली, गिटार तिच्यात घातली आणि कपाटावर ठेवून दिली.

घरी आल्यावर हिनं विचारलं, "गिटार?" मी म्हटलं, मुरब्याला. "आणि गवसणी?" तीही तिथंच. ही म्हणाली, "मापात बसली ना नीट?"

पुढं बरीच वर्षं हिरूबाय होती. मी मुरब्याला गेलो की कपाटाला टोक टेकवून आमचं एक गाणं व्हायचं. माझ्याशिवायही कोणी ना कोणी तार छेडायला बसायचं, गावातल्या दोन लग्नांत खुद्द वनितानं छेडली. बोईसरच्या बाजारात भेटली की हिरूबाय पाटीवरून मान वर करून त्या फुसफुसत्या आवाजात विचारायची, "धरला का रे गोंद?"

मी म्हणायचो, "ओला आहे अजून, मावशी."